शिट्टी

"काका, तुमच्या रक्तातली काही प्रथिनं चोर नसतानाच शिट्टी मारतात," तात्याबाची सुजलेली बोटं दाबत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग शरीराचे शिपाई आपल्याच सांध्यांना झोडपतात."

ग्रामरक्षक दलाची शिट्टी तात्याबाच्याच गळ्यात असते. गेल्या पोळ्याच्या बाजारात रडणारी चिमुरडी उचलून निघालेला दाढीवाला दिसला, तशी त्यानं शिट्टी जीव खाऊन फुंकली होती. पोरं पळवणारा समजून गावानं त्याला दगडांनी ठेचलं. मेल्यावर कुणीतरी ओरडलं, "अरे, हा आपला भिकोबा!" दोन वर्षांनी सुरतेहून आलेल्या बापाला लेकीनं ओळखलं नव्हतं, एवढंच.

"शिट्टी बंद पाडायचं औषध आहे?" त्यानं विचारलं.

"आहे. पण गेलेला सांधा परत येत नाही."

तात्याबा गळ्यातली दोरी सोडवू लागला. वाकड्या बोटांना गाठ सुटेना.