निळा फॉर्म

"पत्ता इथला नाही," खिडकीतला कारकून म्हणाला आणि त्यानं कागद परत सरकवला. "आम्ही फक्त आमच्या हद्दीतले पेशंट घेतो. परवाही सांगितलं होतं. चला, पुढचे या."

ती बाजूला झाली नाही. तिच्यामागे बाकावर नवरा बसला होता. बोर्ड रंगवणारा पेंटर. पावलात खिळा घुसल्याचं निमित्त, त्यात साखरेचा आजार. पाऊल सुजून काळं पडायला लागलं होतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. आज-उद्यात सरकारी दवाखान्यात भरती करा, नाहीतर पाऊल कापावं लागेल. शिडीवर चढून पोट भरणाऱ्या माणसाला पाऊल नसेल, तर त्यानं करायचं काय?

"कलम बावीस, पोटकलम तीन," ती म्हणाली.

कारकुनाचा कपाळावरचा चष्मा नाकावर आला. "काय?"

"दारात आलेल्या आजारी माणसाला पत्ता बघून परत पाठवता येत नाही. पाठवायचंच असेल तर निळ्या फॉर्मवर कारण लिहून द्यायचं. खाली सही आणि शिक्का."

परवा याच खिडकीतून परतल्यावर तिनं मोबाइल शिलाई मशिनला टेकवून ठेवला होता, तो कालपर्यंत हलवला नव्हता. पडद्यावर एक वकीलबाई होत्या. आपल्या भाषेत, अगदी समोर बसून सांगावं तसं, सरकारी दवाखान्यातले हक्क समजावून सांगायच्या. एकीकडे ब्लाऊजच्या बाह्या जोडत तिनं तो व्हिडिओ अकरा वेळा ऐकला. दिवसाचा नेट तेवढाच, म्हणून सुरुवातीचं अर्धं मिनिट दर वेळी पुढं ढकलायची. नमस्कार-चमत्कारात नेट घालवायला ती काही पाहुणी नव्हती.

"या बाईला बारमाही थंडी वाजते का गं?" पेंटर खाटेवरून म्हणाला होता. "आपण इथं घामानं निथळतोय आणि हिच्या अंगात हे एवढं जाड स्वेटर."

"वकील आहेत त्या. एसीत बसत असतील. तुम्ही पाय उशीवर ठेवा आणि ऐका."

"मी ऐकून काय करू? बोलायचं तर तुलाच आहे. मी तिथं तोंड उघडलं की भांडण होतं."

ते खरं होतं. वकीलबाईही तेच सांगत होत्या. आवाज चढवू नका. कलमाचा आकडा सांगा, आणि मग गप्प राहा.

म्हणून ती आता गप्प उभी होती.

कारकुनानं खण उघडला, बंद केला. "निळे फॉर्म संपलेत."

"मग साध्या कागदावर द्या."

"सोमवारी येतील फॉर्म. सोमवारी या."

ती गप्प. रांग मात्र बोलायला लागली.

"अहो, द्या की लिहून," मागचे आजोबा म्हणाले. "दोन ओळींचं तर काम."

"का पेनातली शाईपण सोमवारीच येणार?" आणखी कुणीतरी म्हणालं. रांग हसली.

कारकून उठून आत गेला आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला.

"बावीस-तीन कोण म्हणतंय?"

"मी, डॉक्टर."

"तुम्हाला माहितीये ते काय आहे?"

"तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार."

डॉक्टरांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं भिंतीकडे पाहिलं. मग डॉक्टरांची नजर बाकापाशी गेली, त्या पावलावर. तिथं ती बराच वेळ राहिली.

"अर्थात," ते म्हणाले. "परिपत्रक आलं होतं त्याचं." आणि कारकुनाकडे वळून, "वाचत नाही का तुम्ही?"

"वाचलंय ना साहेब. फक्त फॉर्म—"

"फॉर्मचं मी बघतो. यांना भरती करा. आत्ता."

दोन बोटं गेली, पाऊल राहिलं. सतरा दिवसांनी घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी पेंटरला विचारलं, "ते कलम खिडकीशेजारी भिंतीवर लिहून द्याल? रोज कोण समजावत बसणार?"

पेंटर स्टुलावर बसला, बँडेजचा पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवला आणि तीन दिवस अक्षरं काढत राहिला. रंग तिनं निवडला. "निळाच घ्या. फॉर्म नाही तर नाही, भिंत तरी निळी."

शेवटच्या दिवशी ती त्याला न्यायला आली, तेव्हा खिडकीशी एक बाई उभी होती, कडेवर तापानं मलूल झालेलं पोर. "साहेब, आम्ही लांबून आलोय, पत्ता इथला नाही," ती दबकत म्हणाली.

"पत्ता कोण विचारतंय?" कारकुनानं पेनानं भिंत दाखवली. "बावीस-तीन. आमच्याकडे पहिल्यापासून आहे. बसा, नाव सांगा."

पेंटरनं बायकोकडे पाहिलं. "पहिल्यापासून!" तो पुटपुटला.

"गप्प राहा," ती म्हणाली. पण हसू तिलाही आवरलं नाही.

संध्याकाळी चहा झाल्यावर तिनं मोबाइल मशिनला टेकवला. वकीलबाईंचे दोन शब्दांत आभार मानायचे होते. नेट भरपूर होता, घाई कसलीच नव्हती. जिच्यामुळे माणसाचं पाऊल वाचलं, तिचा नमस्कार तरी ऐकावा, असं तिला वाटलं. पहिल्यांदाच तिनं व्हिडिओ अगदी सुरुवातीपासून लावला.

वकीलबाईंनी हात जोडले. त्यांच्या मागच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता.

"नमस्कार मंडळी. या परक्या देशात येऊन राहिलेल्या आपल्या माणसांसाठी मी इथले कायदे सांगते. आपल्या मायदेशात असा कायदा अजून झालेला नाही, तेव्हा तिकडच्या दवाखान्यात जाऊन हे कलम सांगू नका. तिथं कुणी ऐकून घेणार नाही."