गारा शून्य

वैशाखातल्या दुपारी रावेरजवळच्या केळीबागांवर वारा एकाएकी पडला. गावची हवामान-निरीक्षक यामिनी महाजन गच्चीवर धावली. वायुदाबमापकाचा काटा भराभर उतरत होता आणि सातपुड्यावरून हिरवट ढग चढून येत होता. तिने नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"गारांचा ढग आहे. गारा वितळवणारे ड्रोन आत्ताच सोडा!"

"ताई, अंदाज चुकला तर शेजारच्या तालुक्याला ड्रोन उरणार नाहीत."

"निरीक्षण माझं, जबाबदारीही माझी. सोडा!"

ड्रोनांचा थवा ढगात शिरला. घडांनी लगडलेल्या बागेकडे बघत तिचे सासरे आप्पा हात जोडून उभे राहिले. ढग गडगडला आणि धो धो नुसतं पाणी कोसळलं.

"जिंकलीस गं पोरी!" आप्पा भिजत ओरडले.

फोनवरून विचारणा झाली, "ताई, नोंद सांगा."

यामिनी खणखणीत आवाजात म्हणाली, "पाऊस जोरदार. गारा शून्य!"