ओसरीवरचे नऊ किलोमीटर

विश्वजीतनं आज नॉब दोनच फेरे आवळला.

ओसरीवर सायकल स्टँडवर चढवलेली होती. मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर, आणि त्याला मागून टेकलेला लोखंडी रोलर. नॉब आवळावा तसा रोलर टायरात रुतायचा आणि पायडल जड व्हायचं. ते रोज सारखंच जड व्हायला हवं, नाहीतर आज आणि काल यांची तुलना करायची कशी? म्हणून सगळं ठरलेलं. पंपाचा काटा ऐंशीवर, रोलर टायरला नुसता टेकला की तिथून दोन फेरे. मोजताना चुकू नये म्हणून नॉबवर बायकोच्या, राजश्रीच्या नेलपेंटचा लाल ठिपका. ही शिस्त विश्वजीतनंच लावलेली. कुरकुंभच्या कंपनीत वीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेला हात आहे, अर्धा फेरा इकडचा तिकडं व्हायचा नाही, असं राजश्री आल्यागेल्याला सांगायची.

"झालं?" ओढणी कमरेला बांधून ती सीटवर बसली होती.

"झालं," तो मान वर न करता म्हणाला.

"आज शेवटचं बघते. न्हाई जमलं तर मायाताईंना फोन करून सांगते, माझं नाव काढा. उगं चाळीस बायांना माझ्यापायी ताटकळत ठेवायचं व्हय?"

रविवारी बायांची दौंड ते शिरूर सायकलफेरी होती. मायाताई त्या ग्रुपच्या पुढारी. त्यांनी दौंडहून निरोप धाडला होता, घरच्या मशीनवर वीस मिनिटांत नऊ किलोमीटर होत असतील तर या, नाहीतर मागं पडाल. बाहेर सराव करायची सोय नव्हती, न्हावऱ्याचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला. पंधरा दिवसांमागं राजश्री पहिल्यांदा मशीनवर बसली आणि नऊ पॉइंट दोन काढून हसत खाली उतरली. विश्वजीत वर्षभर घाम गाळून साडेआठाच्या पुढं सरकला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तिचं काही आठाच्या वर गेलं नाही.

ती पायडल मारू लागली. उंबऱ्याशी शेंगा फोडत बसलेल्या विठाबाईंनी सुनेकडं पाहिलं.

"पंधरा दिस पळतीस आन् हाईस तिथंच. जातं तरी बांधा त्या चाकाला, पीठ तरी निघंल."

"बांधा की आत्याबाई. ज्वारी तुम्ही टाका."

विश्वजीत फडक्यानं चेन पुसल्यासारखं करत होता. रोलर रोज गुरगुरायचा. आज नुसता घुमत होता. हा फरक तिलाही ऐकू येईल म्हणून तो मुद्दाम खाकरला. काल तिनं उतरताना गुडघा धरला होता. "वय झालं बघा माझं," म्हणाली होती. रात्री त्यानंच तिच्या दोन्ही गुडघ्यांना बाम चोळून दिला होता, चांगला अर्धा तास.

वीस मिनिटं झाली. मीटरवर नऊ पॉइंट चार.

राजश्रीला आनंद झाला नाही. ती उतरली, टायर दाबून पाहिलं, रोलर बोटानं ढकलून पाहिला.

"ढिलं केलंत."

"न्हाई."

"मग काल आठ आन् आज नऊ चार कसं? येका दिसात घोडी झाले काय मी?" मग तिचा आवाज खाली आला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला वाईट वाटू नये म्हणून केलंत. कळतंय मला. पर रविवारी रस्त्यावर कोण ढिलं करून देणार हाय? परत आवळा. काल होतं तेवढं करा."

तो नॉबपाशी उकिडवा बसला. बोटं आपोआप नॉबवर गेली. एक फेरा. तेवढा आवळला असता तर सगळं जागच्या जागी बसलं असतं, वर चांगुलपणाही पदरात पडला असता. खांद्यावरचा हात तिनं अजून काढला नव्हता.

"काल तीन होते," तो म्हणाला.

"काय तीन?"

"फेरे. आज दोन हायत. बरोबर दोनच."

"आन् परवा?"

"तीन."

"त्याच्या आधी?"

त्यानं नॉब सोडून फडकं हातात घेतलं. शेंगा फुटायचा आवाज थांबला होता.

"मग माझा गुडघा..."

"तुझ्या गुडघ्याला काय झालेलं न्हाई."

खांद्यावरचा हात निघाला. राजश्रीनं बाटली तोंडाला लावली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. ओढणीनं तोंड पुसलं. मग मोबाईल घेतला, आवाज मोठा केला आणि कट्ट्यावर ठेवला.

"मायाताई, न्हावऱ्याहून राजश्री बोलतीय. माझं नाव राहू द्या."

"जमलं व्हय? किती झाले?"

"नऊ पॉइंट चार."

"अगं बाई. आमच्यातल्या दोघी सोडल्या तर कुणाचे न्हाईत एवढे. तयारी कुणी करून घेतली?"

राजश्रीनं विश्वजीतकडं पाहिलं. तो उठला नव्हता. त्याच्या हातातलं फडकं काळं झालं होतं आणि त्याचीच तो पुन्हा पुन्हा घडी करत होता.

"मालकांनी," ती म्हणाली. "रोज सोता मशीन लावून देत्यात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाईत."

"नशीबवान हायस बघ. आमच्या घरी कुणी पंप हातात घेत न्हाई. त्यांना घेऊन ये रविवारी. शिरूरला पोचलो की सगळ्या बायांसमोर नारळ देऊ त्यांना."

"आणते की," राजश्री म्हणाली. "शाल पण आणा."