अंगरख्याची बाही

वडिलांची पेज आजही नुईनेच संपवली. वाडगं रिकामं परत गेलं पाहिजे, असं काकांनी बजावलं होतं. स्वयंपाकघरात कुणी भरलं वाडगं पाहिलं, तर बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीत जाईल आणि गल्लीतून किल्ल्यात.

घडीच्या पडद्याआड तिचे वडील हिराइवा तोबेइ निजल्यासारखे पडले होते. परवा पहाटे ते गेले. त्यांना मुलगा नव्हता. शोगुनच्या पदरी असलेल्या माणसाने निपुत्रिक मरायचं नसतं. मेला तर घराणं खालसा, शिधा बंद, राहतं घर दुसऱ्याला. मरण्याआधी दत्तक घेतला, तर सगळं जागच्या जागी राहतं. म्हणून बाबा अजून मेले नव्हते. काकांचा धाकटा मुलगा दत्तक येणार होता. आजारी माणूस शुद्धीत आहे आणि दत्तकाच्या कागदावर आपल्या हाताने शिक्का उमटवतो आहे, हे पाहायला आज सरकारातून मिझोगुची यायचे होते.

बागेकडचं दार सताड उघडं होतं आणि बाहेर बर्फ साचलं होतं. खोलीत शेगडी ठेवायची नव्हती. उदबत्ती लावायची नव्हती. रडायचं नव्हतं. नुईला रडू आवरावंच लागलं नाही.

मिझोगुची दुपारी आले, बरोबर एक कारकून होता. नुई पडद्याआड बाबांच्या उशाशी बसून राहिली. मिझोगुची आणि बाबा लहानपणी एकाच मैदानावर तिरंदाजी शिकले होते, एवढं तिला ठाऊक होतं. बसताना त्यांनी अंगरखा आवळून घेतल्याचा आवाज आला. शेगडी मागवतो, असं काका म्हणाले.

"नको," मिझोगुची म्हणाले. "तोबेइला उकाडा कधीच सोसला नाही."

यावर हसावं की नाही ते काकांना कळेना. ते अर्धवट हसले.

मिझोगुचींनी पडद्याकडे तोंड करून तब्येत विचारली. घसा पार बसलाय, बोलवत नाही, असं काकांनी सांगितलं. अशा घरांतून एवढ्यावरच भागायचं. कागद पडद्याआड जायचा, शिक्का उमटून परत यायचा. पडद्याआड काय आहे ते सगळ्यांना माहीत असायचं आणि कुणी डोकावायचं नाही. पण कारकून नवा होता. शिक्का मारणारा हात दिसला पाहिजे, असा नियम आहे, हे त्याने अदबीने लक्षात आणून दिलं. नियम होताच. इतक्या वर्षांत तो कुणी वर काढला नव्हता, एवढंच.

मग मिझोगुचींचा आवाज आला. "बरोबर आहे त्यांचं. हात दिसू दे."

नुईने बाबांची बोटं शिक्क्याभोवती वळवून पाहिली. ती वळली, पण शिक्का धरेनात. हाताचा रंगही आता दाखवण्यासारखा राहिला नव्हता. तिने हात दुलईखाली नीट ठेवला. दुलईवर त्यांचा अंगरखा पसरलेला होता. त्याच्या बाहीत तिने आपला हात घातला, शिक्का उचलला आणि पडद्याच्या कडेने हात बाहेर काढला.

बाहेर गेलेला तो हात तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. थंडीने तडकलेला, लहान, बाईमाणसाचा. करंगळी टोकाशी आत वाकलेली.

कारकून कागद घेऊन पुढे सरकला.

"हात जरा लहान वाटतो," तो म्हणाला.

नुईने हात हलवला नाही. शिक्क्याला लावलेली लाल शाई कागदाच्या वर थांबून होती.

"करंगळी पाहिलीत?" मिझोगुची म्हणाले. "बाण सोडताना हीच आड यायची. नेम कायम डावीकडे. आम्ही पोरं ह्याला खेकडा म्हणायचो. दुखण्याने माणूस वाळतो, करंगळी सरळ होत नाही. हात त्याचाच आहे. लिहा तसं."

कारकुनाने लिहिलं. नुईने शिक्का दाबला आणि हात आत घेतला.

मंजुरी उद्या दुपारी येईल, तोवर जपा, असं मिझोगुचींनी काकांना सांगितलं. कारकून बाहेर पडला. ते मात्र थोडे मागे राहिले आणि पडद्याजवळ आले.

"येतो रे, खेकड्या."

उत्तराची वाट पाहिल्यासारखे ते थांबले. मग पावलं दूर गेली.

त्यांना पोचवून काका आत आले, तेव्हा एवढ्या गारठ्यातही त्यांच्या कपाळावर घाम होता. सुटलो, असं ते दोनदा म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"उद्या मंजुरी हातात पडली की रड, पोरी. मोठ्याने रड. शेजारीपाजारी ऐकू गेलं पाहिजे." जाता जाता त्यांनी अजून बाहीतच असलेल्या तिच्या हाताकडे पाहिलं. "आणि तो अंगरखा काढून ठेव."

"राहू दे आजचा दिवस," नुई म्हणाली.

दिवेलागणीला ताकीने दाराबाहेर वाडगं ठेवलं. ती या घरातली जुनी मोलकरीण. काकांच्या हुकुमामुळे तीही आत येत नव्हती.

"मालक सगळं संपवतात हल्ली," ती बाहेरूनच म्हणाली. "उतार पडला म्हणायचा, ताई."

"हो," नुई म्हणाली.

पावलं लांब गेल्यावर तिने वाडगं आत घेतलं आणि बाबांच्या शेजारी बसून पेज प्यायली. गरम होती की गार, ते तिला कळलं नाही. बाही मनगटाच्या खाली येत होती, म्हणून तिने ती मागे सारली आणि वाडगं पुन्हा उचललं. चार बोटं वाडग्याला धरून होती. करंगळी टेकत नव्हती. बाबांचीही कधी टेकली नव्हती.