बिननात्याची पेटी

मुहय्यो, गावाची ओपा म्हणजे थोरली ताई, पहिले जर्दाळू ताटात घेऊन कालव्याच्या दाराकडे निघाली, तेव्हा शेजारणीने हटकलंच. "आता पेटीला खाऊ घालणार का, ओपा?"

"घालते. तुझ्या का पोटात दुखतंय?"

मुहय्योची बाग कालव्याच्या अगदी शेवटाला. वीस वर्षं वरच्या गावाचं भागून उरलं तरच पाणी खाली यायचं. गेल्या वर्षी अकरा झाडं वाळली, चाळीस उरली. यंदाही कोरडं गेलं तर बाग तोडायची आणि मुलाच्या मागे रशियाला जायचं, असं तिने ठरवलं होतं. तिकडे तो बांधकामावर होता.

मार्चमध्ये ताश्कंदहून माणसं आली. त्यांनी दाराशी खांब रोवला, वर राखाडी पेटी आणि सोलर पॅनेल बसवलं. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. ही जमिनीची ओल मोजेल, पाळ्या ठरवेल, दारंही स्वतःच उचलेल, असं सांगून ती माणसं गेली. आजवर पाळ्या गावचं पाणी वाटणाऱ्या मिराबाच्या, एर्गाशच्या हातात होत्या. त्याने दाराभोवती शंभर पावलांवर दोर बांधला. "आत कुणी यायचं नाही. मोजणी चुकते."

आणि पाणी आलं. ठरल्या दिवशी, पहाटेच्या नमाजाच्या सुमाराला, थेट शेवटच्या पाटात. मुहय्यो त्यात अनवाणी उभी राहिली आणि ढसाढसा रडली. मेमध्ये गरम वारं सुटलं, तर पाळी दोन दिवस आधीच आली. माझी झाडं तहानलीत हे त्या पेटीला कळलं तरी कसं, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून ती येता-जाता पेटीसमोर थांबून छातीवर हात ठेवायला लागली.

वरचं गाव चडफडलं. एर्गाशचा मेहुणा तिथलाच. पूर्वी तो फावडं घेऊन दारावर बसला की एर्गाश खाली मान घालायचा. यंदा तो दोराबाहेरूनच ओरडला.

"मला काय सांगतोस? पेटीला सांग," एर्गाश म्हणाला.

पेटीला ना मेहुणा ना व्याही. भांडायचं तरी कुणाशी? मेहुणा फावडं खांद्यावर टाकून घरी गेला. मागच्या आठवड्यात तर वरच्या गावाने खाली मुलगी दिली. लग्नात दोन्ही गावं एकाच कढईतला पुलाव जेवली.

आता एर्गाश दोराशी चहा पीत बसला होता. मुहय्योने ताट खाली ठेवलं.

"एर्गाश अका, थोरल्या भावासारखे तुम्ही, पण वीस वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या. माफ करा. माणसाच्या हातून हे होणारच नव्हतं."

"नव्हतंच." त्याने एक जर्दाळू उचलला.

"तुम्हाला मात्र आयता आराम मिळाला."

"हो ना. बसून बसून कंबर धरली."

तेवढ्यात गाडी थांबली. मार्चमध्ये आलेली इंजिनिअर मुलगी एक खोकं घेऊन उतरली आणि दोर ओलांडून खांबापाशी गेली. मुहय्यो आणि एर्गाश तिच्या मागोमाग गेले. मुलीने पेटी उघडली. मुहय्योने टाचा उंचावून पाहिलं. आत एक बॅटरी आणि दिव्याकडे गेलेली वायर, बाकी काही नव्हतं.

"उशीर झाला, अका," मुलगी खोकं फोडत म्हणाली. "हिचा मेंदू आज कुठे हातात पडला. तीन महिने दारं तुम्हालाच उचलावी लागली."