भात्याचा दांडा

दौंडच्या चर्चमधल्या शंभर वर्षांच्या ऑर्गनवर आज लंडनचा साहेब एकटाच इंग्रजी संगीत वाजवणार होता. लोक बाकांवर बसले, कुशाबाई मात्र ऑर्गनच्या मागं गेली. तिथं तिचा नवरा गेणबा जन्मभर भात्याचा दांडा हलवायचा. भाता फुलला की पुढं सूर निघायचे. एका नाताळात लेकरू तापानं फणफणलं तेव्हा ती त्याला बोलवायला आली होती. "मी सोडलं तर बाजा मुका पडंल, कुशे," तो म्हणाला. लेकरू सांजेला गेलं. त्या शब्दावर तिनं त्याला माफ केलं. आता तोही नव्हता. दांड्याला तिच्याच लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. तिनं पदर खोचून दांडा धरला. हलवायच्या आधीच सूर घुमू लागले. "राहू द्या, मावशी," पाद्री म्हणाले, "भात्याला आता मोटर बसवलीय." दांडा न सोडता तिनं विचारलं, "म्हंजी, त्यांच्याबिगर बी वाजतंय व्हय?"