चौकटीवरच्या लाल खुणा

आमचा गावातला बंगला संरक्षित वास्तू ठरला, म्हणून कारागीर दारांचा जुना रंग खरवडत होता. एका चौकटीवर माझ्या धाकट्या बहिणीच्या उंचीच्या लाल खुणा निघाल्या. त्या कुणाच्या, ते मी त्याला सांगितलं.

ती सातव्या वर्षी गेली. आईने खुणांवर रंग फासला आणि आम्ही घर बंद करून निघालो. तिला तिथेच एकटी सोडून आल्यासारखं मला जन्मभर वाटत राहिलं.

“आजी, धाकटी चांगली ताडमाड वाढली की तुमची!” कारागीर हसला.

रंगाखालच्या खुणा माझ्या डोक्याच्याही वर गेल्या होत्या. मग थोड्या खाली उतरल्या होत्या, म्हातारपणी माणूस आखडतं तशा.

तो पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना बोलवायला गेला. मी चौकटीला पाठ लावली.

डोक्यावर अलगद पट्टी टेकली.

“टाचा टेकव, ताई,” एक थकलेला, म्हातारा आवाज म्हणाला.